एकनाथच्या वजनाचा गूळ

सोमवारी सकाळी आमच्या टीमची उभ्या उभ्या मीटिंग व्हायची. प्रत्येकाने काय झालं, काय करणार आणि कुठे अडलंय एवढं सांगायचं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. अशाच एका सोमवारी एकनाथची पाळी आली. नेहमीप्रमाणे कोणाच्याही तोंडाकडे न बघता, भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे पाहत तो म्हणाला, "लॉगिनच्या पानाची तपासणी पूर्ण झाली. चुका सापडल्या, त्या नोंदवल्या. काल दुपारी जेवणानंतर माझी देवावरची श्रद्धा संपली. कामावर परिणाम होणार नाही. अडचण काही नाही."

"ओके, ग्रेट," आमचे मॅनेजर मिलिंद सर म्हणाले, कारण कोणीही काहीही सांगितलं तरी ते तेवढंच म्हणायचे. मग अर्थ डोक्यात शिरला आणि त्यांनी झटकन मान वळवली. पण एकनाथ तोवर खुर्चीवर जाऊन कामाला लागला होता. बोलून झालं की बसायचं, असा नियमच होता. नियम आम्ही केले होते आणि पाळत एकटा एकनाथ होता.

मी तेव्हा टेस्टिंगची प्रमुख होते, म्हणजे एकनाथची वरिष्ठ. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे आमचं काम. खराडीत निम्मी ऑफिसं आणि निम्मी ज्वारी असायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. डब्यानंतर शतपावली करायला गेलो की एका बाजूला काचेची इमारत आणि दुसऱ्या बाजूला बुजगावणं दिसायचं. एकनाथला मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी त्याला सगळे विचारतात तो प्रश्न विचारला, "तुमचा दोष कोणता?" सगळे उमेदवार लाजत लाजत "मी जरा जास्तच मेहनत करतो" म्हणतात. एकनाथने नीट विचार केला आणि म्हणाला, "मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, गर्दी सहन होत नाही, आणि आपल्या कंपनीच्या पाटीवर एक अक्षर तिरकं आहे, ते दुरुस्त होईपर्यंत मला दुसरं काही सुचणार नाही." मी त्याला घेतलं. पाटीही दुरुस्त करून घेतली, कारण त्यानंतर मलाही दुसरं काही सुचेना.

या माणसाची श्रद्धा काय ताकदीची होती, हे कळल्याशिवाय ती गेली म्हणजे काय झालं ते कळायचं नाही. दसऱ्याला आमच्याकडे संगणकांची पूजा असे. स्क्रीनला झेंडूच्या माळा, संगणकाच्या डब्यांना हळदकुंकू आणि सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी नारळ. एका वर्षी सगळं आटोपून आम्ही पेढे खात होतो, तर एकनाथ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, पूजा चुकीच्या मशीनची झाली आहे."

"म्हणजे?"

"आपण पूजा केली ते चाचणीचं मशीन आहे. खरं काम चालतं ते मशीन अमेरिकेत आहे. देवाला आपण चाचणीच्या मशीनचं रक्षण करायला सांगितलं. तो तेच करणार."

मी हसून सोडून दिलं. त्याने सोडलं नाही. चूक सापडली की ती नोंदवायची, एवढं त्याला माहीत. त्याने ती नोंदवली आणि पुढे लिहिलं, 'गंभीर'. गंभीर चुका आपोआप अमेरिकेतल्या क्लायंटकडे जात, हे आमच्या कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाईंचा फोन आला. चिडल्या असतील म्हणून मिलिंद सरांनी मला पुढे केलं. तर बाई विचारत होत्या, हे हळदकुंकू किती लागतं आणि मशीनच्या आत घालायचं की वरून. संध्याकाळपर्यंत त्यांनी फोटो पाठवला. कुंकू मिळालं नव्हतं म्हणून त्यांनी सर्व्हरला लिपस्टिकचा टिळा लावला होता आणि पुढे एक पिवळं फूल ठेवलं होतं. एकनाथने फोटो बराच वेळ न्याहाळला. "नारळ नाही," तो म्हणाला, "पण चालेल." आणि त्याने ती नोंद बंद केली. पुढे कित्येक महिने ते मशीन एकदाही बंद पडलं नाही. त्याचं श्रेय मिलिंद सरांनी घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

एकनाथचं गाव कात्रजच्या बाजूला. गाव म्हणायचं ते आपलं सवयीने. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधोमध भैरोबाचं देऊळ, यांचं घर आणि दोन म्हशी एवढंच मूळचं शिल्लक होतं. लहानपणी एकनाथ बोलतच नव्हता. बरोबरीची पोरं शाळेत गेली तरी याच्या तोंडून शब्द नाही. आणि मग एका सकाळी चुलीशी बसल्या बसल्या तो एकदम म्हणाला, "येत्या चोवीस तासांत हवामान कोरडे राहील." रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून त्याने जी भाषा उचलली, ती कायमची. घरात सगळे "हाय" आणि "न्हाई" बोलणारे, आणि हा "आपण", "कृपया" आणि "प्राप्त माहितीनुसार". त्या दिवशी हवामान खरोखर कोरडं राहिलं, असं त्याची आई सांगायची.

देव सगळं ऐकतो, हे त्याला आईने सांगितलं होतं. आपण ते ऐकतो आणि विसरतो. पाणी तापवलं की उकळतं, हे जसं एकनाथला माहीत होतं, तसंच देव ऐकतो हेही. त्यामुळे तो रोज देवळात जाऊन भैरोबाला दिवसभराचा अहवाल द्यायचा. आज शाळेत हे झालं, म्हशीने एवढं दूध दिलं, अमक्याने मला ढकललं. घंटेचा मात्र त्याला फार त्रास. कानात कापसाचे बोळे घालून तो गाभाऱ्यापाशी उभा राहायचा. गुरवाला त्याने एकदा विचारलं होतं, "देवाला ऐकू येतं, तर घंटा कशासाठी?" गुरव म्हणाला, "ती देवासाठी न्हाई, तुज्यासाठी. जागा व्हावास म्हनून." एकनाथ म्हणाला, "मी जागा आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून बोळे मोठे केले.

आरती त्याला मनापासून आवडायची. का, ते त्याने मला एकदा सांगितलं होतं. "लग्नात, वाढदिवसाला, लिफ्टमध्ये, काय बोलायचं हे दर वेळी शोधावं लागतं. आरतीत सगळे तेच बोलतात, त्याच वेळी. हातांनी काय करायचं हेही ठरलेलं आहे. मॅडम, लोकांनी लिफ्टसाठी अशी एखादी आरती का केली नाही?"

श्रद्धा जाण्याच्या काही आठवडे आधी तो एका डॉक्टरांकडे जाऊन आला होता. इंटरनेटवर काहीतरी वाचलं, त्यातलं वर्णन थेट आपलंच वाटलं, म्हणून स्वतः शोधून गेला. डॉक्टरांनी बऱ्याच भेटींनंतर निदान केलं. ते घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, मी ऑटिस्टिक आहे. आपल्याला काही करायचं नाही. फक्त माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट बदला. ती गुणगुणते. मी नोकरीला लागल्यापासून सांगतो आहे."

"मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात ना?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नसतो. मी बहुतेक वेळ ट्यूबलाइटमध्ये मग्न असतो."

ट्यूबलाइट त्याच दुपारी बदलली. आणि नंतरच्या एका सोमवारी ती मीटिंग झाली. मला राहवेना. चहाला मी त्याला बाहेरच्या टपरीवर घेऊन गेले आणि विचारलं, की बाबा रे, एवढी पक्की श्रद्धा, अशी जेवणानंतर कशी संपते?

"मी लहानपणापासून एकच मागणी करत होतो," तो ज्वारीकडे बघत म्हणाला. "मला चारचौघांसारखं कर. रोज, त्याच शब्दांत. उत्तर आलं नाही. मला वाटायचं, माझ्या सांगण्यात काही चूक असेल. आता डॉक्टर म्हणाले, हा बिघाड नाही, रचनाच अशी आहे. मग दोन शक्यता उरतात. तिथे कोणी नाही. किंवा आहे, आणि त्याला यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटत नाही. दोन्ही शक्यतांत माझी मागणी बंद करायला हवी. काल ती बंद केली. बंद केल्यावर पाहिलं, तर श्रद्धेत दुसरं काही उरलंच नव्हतं."

वाईट वाटतंय का, मी विचारलं.

"हलकं वाटतं. आरती मात्र मी म्हणणार आहे. तिला देव लागत नाही, लोक लागतात."

हे सगळं त्याने घरी आईलाही याच शब्दांत सांगितलं. यमुनाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू सोड रं बाबा. पर माझा नवस ऱ्हायलाय, त्येचं काय?" आणि तेव्हा एकनाथला पहिल्यांदा कळलं की आपल्यावर एक नवस आहे. तो बोलत नव्हता त्या काळात यमुनाबाई भैरोबाला बोलल्या होत्या, माझं लेकरू चारचौघांसारखं बोलू दे, त्याच्या वजनाचा गूळ वाटीन. मुलगा बोलायला लागला, पण रेडिओसारखा. चारचौघांसारखा नाही. मग नवस फेडायचा कसा? खोटं सांगून फेडला तर देव कोपणार. न फेडता आपण डोळे मिटले तर ते ओझं लेकाच्या डोक्यावर राहणार. म्हातारी इतकी वर्षं या पेचात होती आणि आता तिचं दुखणंही वाढत चाललं होतं. तिला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, एवढी एकच होती.

"आईची झोप गेली आहे," एकनाथने मला सांगितलं. "माझं वजन वाढतं आहे आणि आईचं वय. हे प्रकरण बंद केलं पाहिजे."

"अहो, पण तुमचा तर विश्वासच नाही."

"करार आईचा आणि देवाचा आहे. मी त्यात फक्त माप आहे. अट पूर्ण झाली की नाही, एवढंच तपासायचं आहे. तपासणी मला येते. चारचौघे पाहिजेत. आपण याल का?"

चारचौघे म्हणजे कोणी मोजून चार माणसं नव्हेत, हे त्याला कळत होतं. पण नमुना म्हणून चौघे पुरेत, असं त्याचं म्हणणं. तर रविवारी मिलिंद सरांच्या गाडीतून मी, सर, रिसेप्शनवरची स्वाती आणि इंदूरहून आलेला पंकज असे चार नमुने कात्रजला निघालो. आपण नक्की कशाचे नमुने आहोत, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

यमुनाबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं. बारीक चणीची, डोळे मिचकावत बघणारी बाई. "बसा, बसा. म्हस परवाच व्यालीया. खरवस खावा," म्हणून चार भरगच्च वाट्या पुढे आल्या.

"अहो काकू, खरवस म्हणजे माझा जीव की प्राण!" मिलिंद सर म्हणाले. मी सकाळपासून उपाशी होते, तरी पहिल्यांदा जाऊन एकदम खाणं बरं दिसत नाही, म्हणून "नको नको, पोट गच्च भरलंय" म्हणाले. स्वाती म्हणाली, "काकू, साडी कसली गोड आहे तुमची! मला ना साडीच आवडते." पंकज म्हणाला, "काकू, एकदम शांत जगह आहे, इथून जाऊच नये असं वाटतं." शेजारच्या बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर असा घरघरत होता की हे त्याला ओरडून सांगावं लागलं. एकनाथ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होता.

यमुनाबाई पाणी आणायला आत गेल्या. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि अख्खी वाटी जास्वंदीच्या कुंडीत उपडी केली. वर थोडी माती ओढली. यमुनाबाई बाहेर आल्या, रिकामी वाटी बघून त्यांचा चेहरा उजळला. "संपला बी? थांबा, आनकी आनते."

"आई, थांब," एकनाथ म्हणाला. "सरांना खरवस आवडत नाही. त्यांनी तो कुंडीत पुरला. नीलिमा मॅडमचं पोट भरलेलं नाही. गाडीतून उतरताना त्या भूक लागली म्हणाल्या. स्वाती साडीच्या दिवशी ऑफिसात रजा टाकते. पंकजच्या कानात मघापासून बोटं आहेत. हे चौघे चांगले आहेत. चारचौघे असेच बोलतात. आता तू सांग, मी यांच्यासारखा बोलतो का?"

तो मिक्सरही त्या वेळी नेमका थांबला. मिलिंद सर जास्वंदीकडे असे बघत होते की जणू ती त्यांनीच लावली आहे. स्वातीने पदर नसताना पदर सावरला. मी जमिनीत जागा शोधत होते, पण ती शेणाने गुळगुळीत सारवलेली होती.

यमुनाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी खुसुखुसू, मग खो खो, मग भिंतीला टेकून, डोळ्यांना पदर लावून. "आगं बया बया! आन म्या ह्ये मागत व्हते व्हय गं देवाला? ह्ये?" सरांकडे वळून म्हणाल्या, "आवडत न्हाई तर सांगायचं की, सायेब. म्या काय मारते व्हय?" आणि माझा हात धरून त्यांनी मला थेट चुलीपुढे नेऊन बसवलं. पिठलं आणि भाकरी, वर कांदा. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. इतकं खरं जेवण मी त्याआधी कधी जेवले नव्हते.

चैत्रात भैरोबाची यात्रा असते, तेव्हा एकनाथची गुळाने तुला करायची ठरली. आम्ही चौघेही गेलो, या वेळी न बोलावता. देवळापुढे तीन वासे उभे करून मोठा तराजू टांगला होता. एकनाथने आधी तराजू तपासला. पारडी अदलाबदल करून बघितली, गावकऱ्यांनी समतोलासाठी बांधलेला दगड काढून परत बांधायला लावला, आणि मग कानात बोळे घालून, चप्पल काढून पारड्यात मांडी घालून बसला. कोणीतरी ओरडलं, "यमुनामावशे, ल्हानपनीच फेडला असतास तर एका ढेपंत भागलं असतं!" यमुनाबाई म्हणाल्या, "तवा मला अक्कल नव्हती रं."

आता खरी परीक्षा होती. जो नवस बोलला त्याने देवापुढे मोठ्याने सांगायचं की मागितलं ते मिळालं. मग गुरव अंगारा लावणार आणि तुला होणार. यमुनाबाई देवाशी खोटं बोलणार नव्हत्या. आणि त्या चुकून बोलल्याच असत्या, तर पारड्यात बसलेला माणूस ते भर यात्रेत दुरुस्त केल्याशिवाय राहिला नसता.

"बोल यमुने," गुरव म्हणाला, "काय बोलली व्हतीस देवाला?"

"माझं लेकरू चारचौघांसारखं बोलू दे, म्हनले व्हते."

"मग? बोलतंय?"

"न्हाई."

लोकांत कुजबूज झाली. गुरवाच्या हातातला अंगारा हातातच राहिला. "मग नवस कशाचा फेडतीस?"

यमुनाबाईंनी पदर नीट केला आणि गाभाऱ्याकडे बघून बोलल्या, "न्हाई बोलत, देवा. कवा बोलायचा बी न्हाई. पर म्या चारचौघं बघितली. माझंच मागनं चुकलं व्हतं. म्या कमी मागितलं. तू जास्त दिलंस आन म्या वळखलं न्हाई. एवढी वर्सं तुज्याकडं तोंड वाकडं करून बघितलं. त्येचा ह्यो गूळ. पदरात घे."

गुरवाला असला नवस कोणी शिकवला नव्हता. त्याने गोंधळून एकनाथकडे पाहिलं. एकनाथने एका कानातला बोळा काढला होता, तो हातात धरून तो म्हणाला, "विधान बरोबर आहे. वजन करा."

मग जो काही गलका झाला! हलगी कडाडली, ढेपांवर ढेपा चढल्या, पंकज हिंदीत जयजयकार करायला लागला, मिलिंद सर ढेपा उचलून घामाघूम झाले. एकनाथचं पारडं जमिनीवरून हळूहळू उचललं गेलं आणि दांडी समतोल झाली. सगळे म्हणाले, उतरा आता. तो उतरेना. पारडं मंद झुलत होतं आणि ते झुलणं त्याला भयंकर आवडलं होतं. "अजून थोडा वेळ," तो म्हणाला. यात्रेने वाट बघितली. यमुनाबाई गूळ फोडून वाटत होत्या, हसत होत्या आणि रडत होत्या, आणि मीही तेच करत होते.

निघताना एकनाथ गुळाचा खडा हातात घेऊन आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. काचेशी वाकून म्हणाला, "मॅडम, देव असता तर आज त्याला बरं वाटलं असतं."

पुढे मी ती नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, येत जा, भेटत जा, विसरू नका. एकनाथ म्हणाला, "आपण जाणार याचं मला वाईट वाटतं. मी फोन करणार नाही, मला फोन आवडत नाही. यात्रेचा गूळ आणून देईन." बाकीच्या कोणाचा पत्ता नाही. एकनाथ दर चैत्रात येतो. दारातच उभा राहतो, पुडी देतो. "देव अजून नाही. गूळ चांगला आहे," म्हणतो आणि जातो. यमुनाबाईंनी नवस फिटल्यावरही गूळ वाटायचं थांबवलं नव्हतं.

या वर्षी तो आला तेव्हा यमुनाबाई जाऊन काही महिने झाले होते. गूळ त्याने एकट्याने वाटला होता. पुडी माझ्या हातात देऊन तो दाराच्या कडीकडे बघत राहिला, पण दर वर्षीसारखा वळला नाही. तुम्हा-आम्हाला येतात ती सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली, पण ती त्याच्यापुढे बोलायची लाज वाटली. मग मला ती उभ्या उभ्याची मीटिंग आठवली. मी विचारलं, "एकनाथ, काय झालं, काय करणार, अडचण काही?"

"गूळ वाटून झाला. उद्या ऑफिसला जाईन," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिसऱ्या प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं होतं, अडचण काही नाही. "अडचण आहे. आईची आठवण येते."

मी पुडी उघडली, खडा फोडून अर्धा त्याला दिला, आणि आम्ही दोघांनी दारातच उभ्या उभ्या गूळ खाल्ला.